लाखोळी : बैलाच्या वाटणीचे पीक

श्रावणी अमावास्येला पोळा झाला की चौथ्या दिवशी गणपती. या चार दिवसांत आमच्या घरी देव्हाऱ्याखाली पाटावर एक लाकडी बैल उभा असतो. चाके झिजलेली, एका शिंगाचे टोक उडालेले. आमची आजी लग्न होऊन भंडारा जिल्ह्यातल्या पवनीहून हैदराबादेत आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत हा तान्ह्या पोळ्याचा बैलही आला. आजोबा निजामाच्या रेल्वेत कामाला होते. शेत नाही, गोठा नाही, काचीगुड्याचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड. पण पोळ्याला त्या लाकडी बैलाची पूजा कधी चुकली नाही. पूजेत आजी त्याच्यापुढे मूठभर डाळ ठेवी आणि म्हणे, "पहिली त्याची, मग आपली." ती डाळ तुरीची किंवा हरभऱ्याची नसे. पवनीहून कुणी आले की पिशवीतून येणारी ती लाखोळीची डाळ असे.

यंदा स्मरणिकेच्या समितीने आम्हाला "तुमच्या खात्यातले काहीतरी लिहा" असे सांगितले. आम्ही शेतीची पदविका घेऊन आधी आंध्र प्रदेशाच्या आणि २०१४ नंतर तेलंगणाच्या कृषी खात्यात नोकरी करतो. खत, बियाणे, पंचनामे यांच्याबद्दल उत्सवात कोण वाचणार, असे प्रथम वाटले. मग ती मूठभर डाळ आठवली. भाताच्या शेतात, भातानंतर, मुख्यतः जनावरांसाठी घेतलेल्या या एका शेंगवर्गीय पिकाचा इतिहास भंडाऱ्यात सुरू होतो, सागरला जातो आणि आपल्या तार्नाक्याला येऊन पोचतो. तोच इथे सांगत आहोत.

बांधीतली ओल

पूर्व विदर्भात भाताला 'धान' आणि बांध घातलेल्या भातखाचराला 'बांधी' म्हणतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने बांधलेले आणि मालगुजारांच्या ताब्यात राहिलेले तलाव तिथे शेकड्यांनी आहेत. मालगुजारी गेल्यावर 'माजी मालगुजारी'चे 'मामा तलाव' झाले. हे पाणी धानाला पुरे, उन्हाळी पिकाला पुरेलच असे नसे. मग कार्तिक-मार्गशीर्षात धान कापल्यावर चिकणमातीत जी ओल उरते, तिचे करायचे काय?

याचे उत्तर शेतकऱ्यांनी फार पूर्वी शोधले. धान अजून उभे आहे, लोंब्या पिवळ्या पडत आहेत, बांधीतले पाणी नुकतेच काढून दिले आहे, अशा वेळी कापणीच्या पंधरा-वीस दिवस आधी त्या उभ्या पिकात लाखोळीचे बी फेकून पेरायचे. यालाच उतेरा म्हणतात. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, पाणी नाही. धानाच्या सावलीत बी रुजते आणि विळा फिरेपर्यंत दोन-चार पानांवर येते. धान गेले की ऊन मिळते आणि धसकटांमधून वेल पसरतात. पौषात बांधी निळ्या-जांभळ्या फुलांनी भरते. माघ-फाल्गुनात पीक हाती येते.

या पिकाचा प्रत्येक भाग कामाचा. कोवळे शेंडे खुडून भाजी होते आणि खुडल्याने वेलाला फुटवे जास्त येतात. जनावरांना हिरवा चारा मिळतो. मळणीनंतरचे कुटार भाताच्या तणसापेक्षा कितीतरी पौष्टिक. नुसत्या तणसावर बैलाचे पोट भरते, अंग भरत नाही. तणसात लाखोळीचे कुटार मिसळले की वैशाखात नांगराला जुंपायच्या वेळी बैल उभा राहतो. शिवाय सर्व शेंगवर्गीय पिकांप्रमाणे हिच्याही मुळांवर गाठी असतात. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पकडून पिकाला देतात. पिकाचे अवशेष कुजले की त्यातला काही मातीला मिळतो. हर्मान हेलरिगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली हे सिद्ध करून दाखवले. आमच्या आजीच्या माहेरी गाठींचे शास्त्र कुणाला माहीत नव्हते, पण लाखोळीच्या बांधीत पुढचे धान चांगले येते, हे लहान पोरालाही माहीत होते.

अशी व्यवस्था एकट्या विदर्भाची नाही. कोकणात भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल, चवळी, कुळीथ घेतात. आपण आवडीने खातो ते कडव्या वालाचे बिरडे हे भातखाचरानेच दिलेले. इकडे गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्याच्या टोकाला शेतकरी उभ्या भातात उडीद फेकतात, ताग फेकतात आणि 'पिल्लिपेसर' नावाचा रानटी मूग फेकतात. तेलुगूत पिल्लि म्हणजे मांजर, पेसर म्हणजे मूग. हा मांजरमूग जनावरांना चारायचा, उरलेला पावसाळ्यापूर्वी नांगरून मातीत गाडायचा. म्हणजे त्र्यंबकेश्वराला उगम पावणारी गोदावरी समुद्राला मिळेपर्यंत तिच्या काठाच्या भातशेतीत एकच हिशेब चालत होता : पहिले पीक माणसाचे, दुसरे पीक बैलाचे आणि मातीचे.

बैलाची डाळ माणसाच्या ताटात

मग या पिकाचे नाव बदनाम का झाले? त्यासाठी सागरला जावे लागते. सागर आपल्याला परके नाही. पेशव्यांचे गोविंदपंत बुंदेले यांचे ते ठाणे. पानिपतापूर्वी अब्दालीची रसद तोडताना १७६० च्या डिसेंबरात ते मारले गेले. १८१८ नंतर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेला इंग्रज अधिकारी स्लीमन याने १८४४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात तिथली हकीकत दिली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, पुढची वर्षेही वाईट गेली. गव्हाच्या शेतात आपोआप उगवणारी तिवरी मात्र तगली. तिवरी म्हणजेच लाखोळी. लोकांनी दाणा स्वतः खाल्ला आणि पाला-देठ जनावरांना घातले. १८३३ पासून तिशीच्या आतली माणसे कमरेखाली अधू होऊ लागली. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठून उभा राहू शकत नसे.

या रोगाला वैद्यकात लॅथिरिझम म्हणतात. पायाचे स्नायू ताठ होतात, गुडघे एकमेकांकडे वळतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो. आधी एक काठी, मग दोन, शेवटी हातांवर सरकणे. बुद्धी शाबूत राहते, हात चालतात, पण गेलेले पाय परत येत नाहीत. आणि हा रोग बहुतेक कामकरी तरुणांनाच गाठतो.

ही केवळ हिंदुस्थानची कथा नव्हे. स्पेनमध्ये नेपोलियनच्या स्वारीच्या वेळी माद्रिदला दुष्काळ पडला, तेव्हा लोक याच दाण्याच्या पिठावर जगले. गोया या चित्रकाराने ते चित्रात कोरून ठेवले आहे. त्यात एक बाई जमिनीवर आडवी पडलेली दिसते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमारास, आजच्या युक्रेनमधल्या वाप्नियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना घोड्यांसाठी ठेवलेली हीच कडधान्ये शिजवून दिली गेली. थोड्याच आठवड्यांत शेकडो कैद्यांचे पाय गेले. कैद्यांतच असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी कारण ओळखले आणि कैद्यांनी ते अन्न नाकारले.

सागर, माद्रिद, वाप्नियार्का. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. ज्यांच्यापुढे दुसरे अन्नच नव्हते, त्यांनी महिनोन्महिने हेच खाल्ले किंवा त्यांना हेच खाऊ घातले गेले. डॉक्टरांच्या पाहणीतूनही हेच निघाले. रोजच्या अन्नात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळी असेल आणि ते दोन-तीन महिने चालले, तर धोका. भातासोबत वाटीभर वरण खाणाऱ्याला तो धोका फारसा नाही.

तार्नाक्याचा शोध

आता आपल्या गावाकडे येऊ. कुन्नूरला १९१८ साली मॅककॅरिसन यांनी सुरू केलेली आहारशास्त्राची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेत आली. तार्नाक्याला उस्मानिया विद्यापीठाला लागून तिचे आवार आहे. १९६९ पासून आपण तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखतो. आपल्यापैकी अनेकांची रोजची बस तिच्या फाटकावरून जाते.

लाखोळीतले विष नेमके कोणते, हे १९६४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सर्मा या शास्त्रज्ञांनी शोधून काढले. ओडीएपी हे त्याचे आद्याक्षरी नाव. मज्जातंतूंवर घाला घालणारे हे अमिनो आम्ल आहे. पाठोपाठ तार्नाक्याच्या संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न घेतला : हे विष घरच्या चुलीवर काढता येईल का? १९६६ साली त्यांनी रीती प्रसिद्ध केल्या. विष पाण्यात विरघळणारे असल्यामुळे डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकून द्यायचे आणि पुन्हा ताजे पाणी घ्यायचे. किंवा उकड्या तांदळासारखा दाणा उकडून वाळवायचा. बहुतेक विष निघून जाते. तोटा एवढाच की त्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात, आणि दुष्काळात ज्याला सरपण व पाणी दोन्ही महाग, त्याला हे रोज जमणार कसे, हा प्रश्न उरतो.

बंगळुरूचे तेच डॉ. एस. एल. एन. राव पुढे उस्मानिया विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात आले. दाण्यात विष किती, हे रंगावरून मोजण्याची त्यांची १९७८ ची पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली. मोजता येऊ लागले म्हणून निवडता येऊ लागले, आणि कमी विषाचे वाण तयार झाले. देशी वाणांत हे विष साधारण शेकडा ०.३ ते ०.६ असते, रतन, प्रतीक आणि रायपूरचे महातिवडा या वाणांत ते ०.१ च्या आत आणले गेले. भंडाऱ्याच्या बांधीतल्या दाण्याचे कोडे सोडवायला आपल्या शहराचा एवढा मोठा हात लागला, हे आमच्या आजीला अखेरपर्यंत कळले नाही. तिची बसही त्याच फाटकावरून जात असे.

बंदी आणि बंदीनंतर

शास्त्रज्ञ कामाला लागण्यापूर्वीच कायदा पोचला होता. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली खाण्यासाठी लाखोळी विकण्यास मनाई झाली. काही राज्यांनी ती अंमलात आणली नाही, महाराष्ट्राने आणली. लागवड मात्र थांबली नाही, कारण चारा आणि पुढच्या धानाचा कस दोन्ही तिच्यावर अवलंबून. पीक शेतात कायदेशीर आणि बाजारात बेकायदेशीर अशी विचित्र स्थिती झाली. शेतकऱ्याला भाव मिळेना आणि त्याच्याकडून पडत्या भावाने उचललेली डाळ तुरीच्या डाळीत आणि बेसनात मिसळून शहरात येऊ लागली. कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चौकोनी-पाचरी दाणा अख्खा असताना लगेच ओळखू येतो. दळल्यावर कोण ओळखणार? ज्या बंदीने ग्राहकाला वाचवायचे, तिने भेसळीला स्वस्त माल मिळवून दिला.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे मोहीम चालवली, उपोषणे केली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी खातात, पाय गेलेला माणूस दाखवा, असा पूर्व विदर्भाचा सवाल होता. २००८ साली महाराष्ट्राने आपल्यापुरती बंदी उठवली. २०१६ च्या सुरुवातीला केंद्राच्या पातळीवर कमी विषाच्या तीन वाणांना मोकळीक देण्याची शिफारस झाली, तेव्हा देशभर पुन्हा वाद पेटला. दोन्ही बाजूंना आपापले खरे होते. भंडाऱ्याचा माणूस भातासोबत वरण खात होता, म्हणून तो चालत राहिला. रीवा-सतना भागातल्या बांधील मजुराला मजुरीच या दाण्यात मिळे. त्याच्या भाकरीतही तीच आणि कालवणातही तीच, म्हणून तो बसला. तिथल्या रोगाचा जोर ओसरण्यात सिंचनाचा आणि गव्हाचा हात आहे, तसाच मजुरी पैशात मिळू लागण्याचाही आहे. वेठबिगारी संपवणारा १९७६ चा कायदा म्हणूनच आम्हाला या पिकाच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान वाटतो.

आजीने सांगितलेले

इथे एक घरची गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही शाळेत असताना आजीला विचारले होते, की लाखोळी जर बैलाची, तर माणसे का खात? ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आषाढात सालदारांच्या घरचं धान संपायचं. मग आमचे बाबा कोठीतून लाखोळी मोजून द्यायचे. धान निघालं की धानात परत घ्यायचे. मोजायच्या आधी गड्याला विचारायचे, बैलांपुरती राहील ना रे?"

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "भात असायचा रे सोबत थोडा. म्हणून निभावलं सगळ्यांचं."

तेव्हा आम्हाला यात विशेष काही वाटले नाही. पुढे पदविकेच्या अभ्यासात लाखोळीचे पान आले आणि रीव्याच्या मजुरांबद्दल वाचले, तेव्हा ते वाक्य पुन्हा ऐकू आले. आमचे पणजोबा क्रूर नव्हते. अडल्याला दाणा देणारा म्हणून गावात त्यांचे नाव होते. पण त्यांच्या हिशेबात पहिला वाटा घरचा, दुसरा बैलाचा आणि जो नांगर धरायचा त्याला बैलाच्या वाट्यातले उरलेले, तेही उधारीवर. आपल्यातल्या अनेक घरांच्या मागे जमीन होती, वतन होते, कोठ्या होत्या. हैदराबादेत येऊन आपण नोकरदार झालो आणि त्या कोठ्यांच्या गोष्टी फक्त वैभवाच्या म्हणून सांगत राहिलो. मापाच्या दुसऱ्या बाजूला कोण उभे होते, हेही त्याच गोष्टीत यायला हवे, असे आम्हाला वाटते.

आजची बांधी

तेलंगणात आज परिस्थिती उलटी आहे. मराठवाड्यातून येणाऱ्या मांजरा नदीवर अली नवाझ जंग यांच्या देखरेखीखाली १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर बांधला गेला आणि इथल्या कालव्याच्या भातशेतीने मोठी झेप घेतली. पुढे श्रीरामसागर, मग विहिरी आणि बोअर, आणि २०१९ पासून काळेश्वरम. गंमत पाहा, आजीच्या पवनीवरून वाहणारी वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन काळेश्वरमलाच गोदावरीला मिळते. पाणी आले, तसे खरिपाच्या भातामागोमाग यासंगीचे, म्हणजे रब्बीचे भात आले. ओल आता दुसऱ्या पिकासाठी उरतच नाही; उरलीच तर कापणीयंत्राच्या चाकांखाली उतेऱ्याची कोवळी रोपे चिरडतात. बैल गेले, म्हणून चाऱ्याची निकडही गेली. जिथे म्हशी आहेत, तिथे चारा आणि पेंड विकत येते, आणि शेजारच्या शेतात तणस जळते.

भात जास्त झाले म्हणून कुणाचे बिघडले, असे वाटेल. पण २०२१ साली यासंगीच्या उकड्या तांदळाच्या खरेदीवरून केंद्र आणि राज्य यांच्यात पेच पडला आणि ज्या शेतकऱ्यांना आम्ही वर्षानुवर्षे भात वाढवा म्हणून सांगत होतो, त्यांनाच आता भात लावू नका म्हणून सांगायला गावोगाव फिरलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला विचारले, "सार, मग काय लावू?" आम्ही कागदावरची यादी वाचली : हरभरा, भुईमूग, उडीद, मूग. तो हसला आणि म्हणाला, "आमचा बाप भाताच्या मागे पिल्लिपेसर टाकायचा. तेव्हा तुमच्या खात्याने त्याला मागासलेला म्हटलं होतं." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दर वर्षी मे-जूनमध्ये जिलुगू, म्हणजे धैंचा, आणि ताग यांचे बियाणे सवलतीत वाटताना तो म्हातारा आठवतो. बापाने फुकट केलेले काम मुलाला अनुदानावर शिकवण्याची नोकरी आम्ही करतो.

प्रत्येक बांधीत पुन्हा लाखोळी टाका, असे आमचे म्हणणे नाही. काळ मागे जात नाही, आणि विषाची आठवण विसरण्यासारखीही नाही. पण दोन भातांच्या मध्ये एकदा तरी शेंगवर्गीय पीक यावे, त्यातले काही जनावराला आणि काही मातीला मिळावे, हा जुना हिशेब बरोबर होता. चुकले ते वाटपात. बैलाचा वाटा राबणाऱ्या माणसाच्या ताटात ढकलला गेला, तेव्हा चाऱ्याचे विष झाले.

आजीला जाऊन आता बरीच वर्षे झाली. लाकडी बैलापुढे मूठ ठेवण्याचे काम आमच्या मुलीकडे आले आहे. यंदा पोळ्याला तिने विचारले, "पहिली त्याची, मग आपली, एवढंच म्हणायचं?" आम्ही तिला आजीने सांगितलेली कोठीची गोष्ट सांगितली. तिने थोडा विचार केला आणि स्वतःच म्हणाली, "पहिली त्याची, मग राबणाऱ्याची, मग आपली." आमच्या घरात यापुढे असेच म्हटले जाईल.

गणपती बाप्पा मोरया!